कागद ठेवायचे कुणाजवळ?

तो फोन मला आजही आठवतो. आमच्या पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. मध्य प्रदेशच्या सीमेलगत, सोनाळ्याजवळच्या एका गावचे पोलीस पाटील घाईघाईनं बोलत होते, "साहेब, तुम्ही सोडवलेल्या जोडप्याच्या घरापुढं मुकादमाची गाडी उभी हाये. भांडे चढून राह्यले."

वीटभट्टीवर वेठीला धरलेलं हे जोडपं मी महिन्यापूर्वी सोडवलं होतं. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचं मुक्ती प्रमाणपत्र स्वतः नवऱ्याच्या हाती दिलं होतं. सरकारी मदत, घरकुल, सगळं त्याच कागदावर मिळणार होतं. त्यांना भट्टीवर डांबणारा मुकादम मात्र जामिनावर बाहेर होता. स्टेशन डायरीत नोंद केली आणि जीप काढली. गाडी एकदा मध्य प्रदेशात उतरली की माणसं हाती लागत नाहीत, हे मला ठाऊक होतं. जीव टांगणीला लागला होता, वाटभर मी विनाकारण ड्रायव्हरवर ओरडत होतो.

गाडी वेशीवरच अडवली. बायको सामानावर बसून रडत होती. नवरा खाली मान घालून म्हणाला, "आम्ही राजीखुशीनं चाललो साहेब." प्रमाणपत्राबद्दल विचारलं तर तो गाडीतल्या मुकादमाकडं बघू लागला.

मुकादमाला ठाण्यात आणलं. आधी साळसूदपणा केला, मग म्हणाला, "मी नाही हिसकले कागद. त्यानंच आणून देल्ले." ही थाप आहे असंच मला वाटलं. नवऱ्याला वेगळं बसवून चहा दिला. तेव्हा तो हळूच बोलला, "हो साहेब, मीच देल्ले."

"अरे, काऊन?"

"आमचं आधार, रेशनकार्ड, सारं पयलेपासून त्याच्याजवळच राह्यते. आमचं घर गळते, उंदरं हायेत. हा तं मोठ्या साहेबाच्या सहीचा कागद. हरवला तं? आता तो म्हणते, भट्टीवर चाल, मंग भेटन."

मी कपाळावर हात मारला. झडतीत मुकादमाच्या पेटीतून त्यांचेच काय, आणखी कितीतरी घरांचे कागद निघाले.

कागद रीतसर परत दिले, तेव्हा नवऱ्यानं ते माझ्यापुढं धरले. "मंग तुमच्याजवळच राहू द्या साहेब." सांगायला लाज वाटते, पण माझा हात पुढं झाला होता. बायकोनं कागद मधेच ओढून घेतले.

"आता कोणाजवळच नाही. माह्यापाशी राह्यतीन."

त्यांना भट्टीवरून सोडवायला मला एक दुपार पुरली होती. आपले कागद आपल्याच घरात ठेवायचे असतात, एवढं सांगायला मात्र मी थांबलो नव्हतो. ते त्या बाईनं आम्हा दोघांनाही सांगितलं.