पालीच्या चढावर पुसलेला कोड

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी तर नाहीच — गोष्ट तिच्या वडिलांची आहे. आता सांगतोय.

बाबा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडेच राहतात, मीरा रोडला, पूनम सागरमध्ये. त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी दोन लाख किलोमीटरच्या वर धावलेली, पण जिवापाड जपलेली. मी एक स्कॅनर मागवला होता. गाडीला जोडला की बिघाडाचे कोड मोबाईलवर दिसतात. बिल्डिंगमध्ये कुणाच्याही गाडीत डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागला की मला हाक यायची. ती हाक मला आवडायची — फार.

एकदा बाबांच्याच गाडीचा दिवा लागला. दोन कोड आले. एक मिसफायरचा, म्हणजे इंजिन अडखळत होतं; ठिणगी देणारी कॉइल बदलली, इंजिन सुरळीत झालं. दुसरा गिअरबॉक्सचा — गिअर घसरतोय. गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी काढून पाहिली तर ऑइल काळंकुट्ट, जळका वास. गिअरबॉक्स उघडावाच लागणार होता. मला जमत नाही, एवढंच म्हणायचं होतं ना? पण बिल्डिंगमधले शेजारी जमले होते, बाबा कौतुकाने बघत होते. गिअरबॉक्सला हात न लावता मी स्कॅनरवरून नुसता कोड पुसला. दिवा विझला.

"झाली गाडी, बाबा."

रविवारी ते सुकी मासळी आणायला उत्तनजवळच्या पालीला निघाले. मी शेजारी बसलो. त्यांना अडवायचं सोडून बसलो का? भीती होती म्हणूनच बसलो, आणि भीती होती म्हणूनच गप्प राहिलो. उत्तन येईपर्यंत मी रस्ता पाहिलाच नाही, फक्त समोरचे काटे. पालीच्या अरुंद गल्लीत चढ लागला आणि दिवा पुन्हा पेटला. मी पाहिला. तरी — गप्प.

इंजिन ओरडलं. काटा वर गेला, गाडी मात्र मागे घरंगळायला लागली. बाबांनी गोंधळून आणखी रेस दिली. ब्रेक लागेपर्यंत मागे काहीतरी कडकडलं.

स्कूटर होती. एक कोळीण बाई बाजूला पडली होती, मनगट विचित्र वळलेलं. मेली असती तर? हे मी रोज स्वतःला विचारतो.

"चालवाया येत न्हाय तर गाडी कशाला काढली?" ती कळवळून ओरडली.

बाबा माझ्याकडे वळले. "मी काय केलं रे?"

"तुमचा पाय चुकला, बाबा."

हो, हे मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. ते त्या बाईजवळ गुडघे टेकून माफी मागत होते, तेव्हा मी स्कॅनर जोडला आणि कोड पुन्हा पुसला. मग तिला दवाखान्यात नेलं. तिच्या मनगटाचं हाड जुळलं, पण टोपली उचलताना अजून दुखतं म्हणे. गाडी मी कुणी तपासायच्या आत भंगारात काढली.

बाबांनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. तिथेच थांबलं असतं तर... आता ते रस्ता ओलांडतानाही बिचकतात. परवा बायको त्यांना म्हणाली, आज नातीला शाळेत तुम्ही सोडा. त्यांनी हात मागे घेतले.

"नको गं. माझा भरवसा नाही."

बायको माझ्याकडे बघत होती. मी मुलीचं दप्तर उचललं आणि जिना उतरलो.