मी उघडून न पाहिलेला फोल्डर

मी सोलापुरात इंजिनिअरिंगला आलो तोवर आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. कॉलेजात ज्या सरांनी मला सुट्टीतही लॅब उघडून दिली आणि पदवीनंतर आपल्याबरोबर कामाला घेतलं, त्यांचे उपकार लिहून संपणारे नाहीत. पण इथे लिहायचं आहे ते त्यांच्याशी मी घातलेल्या वादाबद्दल. तो वाद मी जिंकलो.

सरांनी चादरीच्या नक्षीचा एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर चौकटी भरायच्या. प्रत्येक चौकट म्हणजे एक धागा, वर उचलायचा की नाही. जुन्या मागांवर ही नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून चढवतात. तो प्रोग्राम कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, असा खुला होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांकडे कुठल्या कुठल्या ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर असत. कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीमही प्रत्येकाची वेगळी: एकावर एका जातीचं लिनक्स, दुसऱ्यावर दुसऱ्या जातीचं, काहींवर त्याच्या भावकीतलं बीएसडी. सरांनी प्रत्येकासाठी वेगळी सोय लिहून ठेवली होती. त्यामुळे प्रोग्राम सगळीकडे चालायचा, पण आतून तो ठिगळ लावलेल्या गोधडीसारखा झाला होता.

सरांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, आणि त्यांनी प्रोग्राम माझ्या हवाली केला. महिनाभर वाचून मी त्यांच्या घरी गेलो.

“सर, एकच सिस्टीम ठरवू. तीच सगळ्यांना घालून देऊ. बाकीच्यांसाठीचा कोड काढून टाकतो.”

“का?” त्यांना बोलायला वेळ लागायचा.

“एकच गोष्ट चार तऱ्हांनी लिहायची, मग चारही तपासायची. माणूस मी एकटा. आणि आता जगभर सगळे एकाच पद्धतीकडे चाललेत.”

“जगाकडं आपले माग नाहीत. कारखान्यात जे यंत्र आहे, त्यावर आपण चालायचं. त्यानं आपल्यासाठी बदलायचं नाही.”

मग मी मनातलं बोललो. माळशिरसकडच्या माझ्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती, इंग्रजीला शिक्षक नव्हता. पण पुस्तक तेच होतं, जे पुण्यातल्या मुलांच्या हातात होतं, आणि परीक्षेचा पेपरही तोच. सगळ्यांना एकच माप होतं म्हणून मी इथवर आलो. जिथे तिथे आपापलं असतं, तर माझ्या गावात काय असतं?

सर म्हणाले, “तुझं खोटं नाही. कर. पण काढण्याआधी प्रत्येकाच्या घरी जाऊन बघ, तिथं काय चाललंय.”

ते मी ऐकलं. पण घरी जाणं म्हणजे काय बघणं, हे विचारलं नाही.

बाकीच्या ठिकाणी काम सुरळीत झालं. शेवटी राहिले मामा. विणकर वस्तीतल्या दोन खोल्यांत राहणारे, तेलुगू घरातले, साठी ओलांडलेले. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही. ते नक्षी काढायचे आणि घरातल्या घरात कार्डं पाडून चार-पाच कारखान्यांना द्यायचे. कार्डं पाडायचं यंत्र लोखंडी, शिलाई मशीनएवढं, जाड केबलने जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं. त्या कॉम्प्युटरवर सरांनी बीएसडी घातलं होतं. आता ते वापरणारे उरले होते एकटे मामा.

“या इंजिनेर साहेब,” मामा म्हणाले. “आज काय पाडणार, कार्ड का आमचं घर?”

मामी खाली बसून बिड्या वळत होत्या. त्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि मामा हसले.

“काय म्हणाल्या?”

“चालतंय त्याला कशाला हात लावायलास, म्हनती. बायकांना काय कळतंय की. तुमी सरांचं पोरगं, तुमाला कळतंय. करा.”

मी नीट काम केलं, असं मला तेव्हा वाटत होतं. मामांच्या सगळ्या नक्ष्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. लिनक्सवर प्रोग्रामची सेटिंग्ज ज्या फोल्डरमध्ये असतात, तोही उचलला. मग डिस्क पुसली आणि नवी सिस्टीम घातली. आमच्याकडे नियमच होता की एका यंत्रावर जुनी-नवी आवृत्ती शेजारी ठेवायची नाही. चुकून जुन्यातून कार्ड पाडलं तर चादरींचा अख्खा तागा बाद होतो. म्हणून मागे काही ठेवलं नाही.

कार्ड पाडायचं यंत्र हललंच नाही, कारण बीएसडीच्या कोडबरोबर त्याचाही कोड मीच काढला होता. त्याची मला फार भीती वाटली नाही. जुना कोड साठवलेला असतोच; एका दुपारी तो शोधून नव्या सिस्टीमवर बसवला. यंत्र खडखड करत चालायला लागलं. मामांनी पहिलं कार्ड हातात घेतलं, खिडकीकडे धरलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे कुनाचं कार्ड हाय?”

“तुमचंच, मामा. मोराची नक्षी.”

“नक्षी माजी हाय. भोकं माजी न्हाईत.”

तेव्हा मला कळलं. यंत्राच्या भोकं पाडणाऱ्या सुया झिजलेल्या होत्या आणि प्रत्येक कारखान्याचा माग आपल्या परीने वाकडा होता. एकाला भोक केसभर डावीकडे लागायचं, एकाला कार्डाच्या शेवटी ढिलं. कुठल्या मागासाठी भोक किती सरकवायचं, याचे अंक सर आणि मामा मिळून वर्षानुवर्षं प्रोग्राममध्ये भरत आले होते. कार्ड मागावर चढवायचं, तुटलेले धागे बघायचे, घरी येऊन अंक बदलायचा. हे सगळे अंक एका फाईलमध्ये होते. बीएसडीवर बाहेरून घातलेल्या प्रोग्रामची सेटिंग्ज वेगळ्या जागी राहतात, आणि तो फोल्डर मी उघडलाच नव्हता. सगळीकडे एकच पद्धत असणार, हे मी धरून चाललो होतो.

डिस्क दुरुस्तीच्या दुकानात नेली. काही नक्ष्यांचे तुकडे सापडले, ती फाईल नाही.

सरांना जाऊन सांगितलं. त्यांच्याकडे पहिल्या वर्षीची एक प्रत होती, त्यात सगळीकडे शून्य. डावा हात उशीवर ठेवून त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. दोन अंक आठवले. तिसऱ्याला थांबले. “मामाला विचार,” म्हणाले. मामा म्हणत, “सर लिहायचे, मी नुसतं डावं-उजवं सांगायचो.”

मी कोडमध्ये बीएसडीची सोय परत घातली. ती आता कुणाच्या उपयोगाची नव्हती. मग मामांना घेऊन कारखान्यांच्या दारात उभा राहिलो. अंक पुन्हा बसवायला कार्ड मागावर चढवून बघायला हवं होतं. एका ठिकाणी दोनदा चढवू दिलं. तिसऱ्यांदा मुकादम मामांकडे न बघता मला म्हणाला, “माग बंद ठिवून ह्यांची भोकं बघत बसू व्हय? दुसऱ्याकडनं कार्डं मागवलीत आमी.” मामांनी हातातला गठ्ठा परत पिशवीत घातला. पिशवी मी मागितली, तर दिली नाही.

चार महिन्यांत सगळी गिऱ्हाइकं गेली. त्याच मुकादमाच्या कारखान्यात मामा आता टॉवेलच्या घड्या घालतात. सायकलने जातात. नक्षी काढणाऱ्या माणसाला घडी घालताना नक्षी उलटीच दिसत असणार; मी विचारलं नाही.

प्रोग्राम आता आधीपेक्षा चांगला चालतो. दूरचे लोक घेतात, कौतुकाचे निरोप येतात. एकच माप असावं, यावरचा माझा विश्वास गेला असं म्हणालो तर ते खरं होणार नाही. त्याशिवाय मी शिकलोच नसतो. पण त्या मापात न बसणारं काय आहे ते पाहायचं काम माझं होतं, आणि ते मी कुणाच्या तरी घरी चहा घेण्याइतकं सोपं समजलो.

मध्यंतरी एका रविवारी मामांकडे गेलो. नवीन सुया मिळाल्या होत्या, बसवून बघू म्हणालो. यंत्रावर चादर टाकलेली होती. मामी बिड्यांचं सूप बाजूला सारून लगबगीने उठल्या, यंत्रावरची चादर काढायला लागल्या.

मामा मला दाराबाहेर घेऊन आले.

“आता येऊ नको बाबा,” ते हळू म्हणाले. “माजा राग न्हाई तुज्यावर. पण तू आलास की तुजी मामी आशा धरती, मग आठ दिस रोज ते यंत्र पुसत बसती.”

सुया माझ्या खिशातच राहिल्या. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेलो नाही.