माझ्या अंगठ्यावर रस्त्याला मिळालेले मार्क

त्याने माझा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर, मग कागदावर दाबला. बैलाला नाल ठोकताना पाय धरतात तसा. "मला सही येती," मी म्हणाले. ग्रामपंचायतीत सगळं गाव बसलेलं. अंगठा धरणारा रस्त्याच्या कंपनीचा साहेब. मान वर न करता म्हणाला, "आजी, तुमची सही होईस्तोवर रस्ता होऊन जाईल." माणसं हसली. आमचीच माणसं. मीही ओशाळून हसले. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

डोंगराकडचा आमचा रस्ता रुंद होणार होता. शाळेत पोरांना असतात तसे आता रस्त्यालाही मार्क असतात. पाणी राखलं, मार्क. झाडं राखली, मार्क. गावाला विचारलं, मार्क. मार्क भरले की रस्ता 'हरित' ठरतो, कंपनीला सर्टिफिकेट मिळतं. मला वाटलं, विचारणार असतील तर बरंच आहे. रस्त्याकडेला माझी हिरड्याची तीन झाडं. त्यांचं काय, हे सांगायला मी गेले होते. कोणी विचारलं नाही. माझ्या हातात गुलमोहराचं रोप दिलं, फोटो काढला, रोप काढून घेतलं आणि पुन्हा जीपमध्ये ठेवलं. पुढच्या गावातल्या म्हातारीसाठी.

आमच्याकडे हिरड्याला कागद नसतो. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेला हिरडासुद्धा कोणी उचलत नाही. माझी तिन्ही झाडं सासूने हात लावून दाखवलेली. नवरा गेल्यावर घर त्यांच्यावरच चाललं.

उन्हाळ्यात त्या झाडांवर तोडणीचे लाल आकडे पडले. मी साइटवरच्या ऑफिसात जाऊन अंगठा घेतलेला तो कागद मागितला. बोट ठेवून वाचला. झाडे बेवारस. त्यांवर कोणाचीही उपजीविका नाही. ग्रामस्थांशी चर्चा झाली. खाली माझा अंगठा.

टेबलामागे तोच साहेब. "आजी, तुम्हाला वाचता येतं?" मीच त्याला फसवलं अशा सुरात.

मार्क देणारे पाहुणे पुण्याहून आले, तोवर दोन हिरडे तोडून पाडले होते. मला पुढच्या खुर्चीत बसवलं. हातात पुन्हा रोप. मी ते खाली ठेवलं आणि उठले.

"अंगठा माझा हाय, बोलणं माझं न्हाई. मला कुणी इचारलंच न्हाई. आमच्या मास्तरांनी न सोडवलेल्या गणिताला कधी मार्क दिलं न्हाईत."

साहेब कानाशी आला. "आजी, बसा. रस्त्याचे मार्क जातील."

"जाऊ द्या. माझी झाडं गेली तवा तुमी बसलाच व्हता."

पाहुण्यांच्या कागदावर हेच लिहायला लावलं आणि खाली सही केली. पूर्ण नाव, जोडाक्षरासकट. वेळ लागला. सगळे थांबले. या वेळी कोणी हसलं नाही.

पडलेले हिरडे त्या सहीने उभे राहिले नाहीत. रस्त्याला किती मार्क मिळाले, ते मला कोणी कळवलं नाही. तिसरं झाड आहे, खोडावर लाल आकडाही आहे. आता गावात कागद आला की मी तो मोठ्याने वाचते, सगळ्यांदेखत, लागेल तेवढा वेळ लावून. जे आम्ही बोललो नाही, त्याखाली कोणाचाही अंगठा मी पडू देणार नाही.

हे माझ्या बाबतीत झालं. मी हिरडा गोळा करणारी बाई आहे. चौथी पास.