रेनेने निवडलेला हरणारा संघ

सगळे लोक आपापल्या मुलींसाठी चांगला संघ शोधत होते, तेव्हा एसेक्स नावाच्या गावातली रेने स्टॅसिक एकटीच वाईट संघ शोधत फिरत होती. तोही थोडाथोडका वाईट नको होता तिला. बचाव फुटका हवा, दर आठवड्याला मार खाणारा हवा, आणि गोलकीपरला श्वास घ्यायला फुरसत मिळता कामा नये, अशा तिच्या अटी.

रेनेची मैदानाशेजारी बर्फाच्या गोळ्यांची टपरी होती. उन्हाळाभर बर्फ किसायचा, त्यावर कस्टर्डचं पिवळं सरबत ओतायचं, वर मार्शमेलोचा पांढरा फेस थापायचा आणि हिवाळ्यात शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपाचं काम करायचं, असं तिचं वर्ष जायचं. आवाज म्हणाल तर तोफ. टपरीच्या खिडकीतून तिने "चेरी की द्राक्ष?" विचारलं की रांगेत नसलेला माणूसही दचकून "चेरी" म्हणून जायचा. लॅक्रॉस, म्हणजे काठीच्या टोकाला असलेल्या जाळीत चेंडू झेलून तो गोलात मारायचा खेळ, त्यातल्या क्लबांच्या सगळ्या भानगडी तिला या खिडकीत बसल्या बसल्या कळत. त्या भागात पोर चालायला लागलं की त्याच्या हातात जाळीची काठी येते, आणि पोर दहा वर्षांचं झालं की आईबापांची झोप उडते. कुठला क्लब? कुठला संघ? पहिला की दुसरा?

त्यात 'दुसरा संघ' हे शब्द कोणी तोंडातून काढत नाही. क्लबवाले हुशार, ते रंग सांगतात. आयर्नगेट हा उत्तरेकडचा घोड्यांच्या कुरणांमधला श्रीमंत क्लब. त्यांचा पहिला संघ काळा आणि दुसरा सोनेरी. पोर सोनेरीत गेलं की आया अशा तोऱ्यात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, रंग आवडला म्हणूनच घेतला.

रेनेची ब्रिन तेव्हा बारा वर्षांची होती. गोलात उभी राहायची. हात विजेसारखे, पण तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतकी गप्प. आयर्नगेटने तिला चाचणीत पाहिलं आणि काळ्या संघात राखीव गोलकीपर म्हणून बोलावलं. ब्रिनचा बाप डग बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्या दिवशी तो हातही न धुता घरात आला.

"काळा संघ, रेने! काळा! जाकिटावर पोरीचं नाव शिवून देतात."

"आणि ते जाकीट घालून पोरीने बाकावर बसायचं," रेने म्हणाली. "वर्षभर. त्यांचा बचाव म्हणजे भिंत आहे, डग. पहिल्या गोलकीपरलासुद्धा जांभया येतात. हिच्यापर्यंत चेंडू कधी येणार? ती म्हातारी झाल्यावर?"

"मग सोनेरीत घालू."

"सोनेरीतही अर्धा वेळ दुसरी पोरगी. मी पाहिलंय. टर्टल क्रीक क्लबच्या दुसऱ्या संघाला गोलकीपरच नाहीये. सगळे सामने हिलाच मिळतील."

"टर्टल क्रीक!" डग खुर्चीत बसला. "अगं, त्यांचा पहिला संघ हरतो. दुसऱ्याला तर समोरचे लोक जिंकून झाल्यावर सॉरी म्हणतात."

"तेच तर! मार खाल्ल्याशिवाय गोलकीपर तयार होत नाही."

सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही, हे रेनेचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण डगच्या डोळ्यांपुढून जाकीट हलेना. शेवटी दोघांनी ब्रिनला विचारलं. ती बशीतली मक्याची कणसं बघत हळूच म्हणाली, "मला खेळायचंय." एवढंच. रेनेने दुसऱ्याच दिवशी टर्टल क्रीकला होकार कळवून टाकला.

बातमी टपरीवर पोचायला वेळ लागला नाही. कोर्टनी हॅलोरन नावाची आयर्नगेटवाली आई होती, तिची मुलगी पेज काळ्या संघात गोलांचा पाऊस पाडायची. ती गोळा चाटत म्हणाली, "अगं बयो, पोरगी आहे की नेमबाजीचं लक्ष्य? काय वैर आहे तुझं तिच्याशी?"

"जा गं, तुझा गोळा वितळतोय," रेने म्हणाली. बोलली हसून, पण ते मनाला लागलं.

आणि मग वसंत आला, सामने सुरू झाले, आणि टर्टल क्रीकचा दुसरा संघ ठरल्याप्रमाणे हरू लागला. पहिल्या सामन्यात धुव्वा, दुसऱ्यात त्याहून मोठा. ब्रिनच्या मांड्यांवर निळेजांभळे डाग पडले. चेंडू ती अडवायची, खूप अडवायची, पण एक अडवला की मागोमाग दोन यायचे, कारण पुढचा बचाव म्हणजे गावजत्रा. कोण कुठे चाललंय याचा पत्ता नाही. लॅक्रॉसमध्ये गोलाच्या मागेही खेळ चालतो, पण आपल्या गोलामागे चेंडू गेला की सगळ्या मुली माना वळवून एकमेकींकडे बघायच्या, तोवर समोरची पोरगी वळसा घालून येऊन गोल टाकून जायची.

असा सामना बघून कोणती आई गप्प बसेल? रेने तर रेनेच होती. शाळेत असताना ती स्वतः बचावात खेळलेली. बचावात केली नावाची एक आडदांड पोरगी होती, तिला ती रेषेबाहेरून ओरडून सांगायची, "डावीकडे! केली, डावीकडे बघ! मागे आलीये ती, मागे!" तोफ चालू झाली की मुली तिच्याकडे बघत आणि ती सांगेल तशा धावत. कधी वेळेवर पोचत, बहुतेकदा नाहीच. इतर आया म्हणायच्या, रेने आहे म्हणून थोडं तरी अडतंय. रेनेलाही तसंच वाटायचं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी टर्टल क्रीकवाले फारच वाईट हरले. ब्रिन डगच्या छोट्या पिकअप ट्रकमध्ये येऊन बसली, शिरस्त्राण मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मला नाही यायचं पुढच्या वेळी."

 डगने गाडी सुरू केली. 

"मार लागतो म्हणून?" रेनेने विचारलं.

"नाही."

"हरता म्हणून?"

"नाही!" ब्रिन एकदम वळली. तिचे डोळे भरले होते. "तू ओरडतेस म्हणून! चेंडू कुठेय ते सांगायचं काम माझं असतं, आई. गोलकीपरचं. मला मागून सगळं दिसतं. मी तोंड उघडते, तोवर तू सांगून मोकळी होतेस, आणि तुला बाजूने उलटंच दिसतं! तुझं डावं ते आमचं डावं नसतंच! मग त्या माझं कशाला ऐकतील?"

एका दमात इतकं ही पोरगी जन्मात बोलली नव्हती.  मार मिळावा म्हणून रेनेने हरणारा संघ हुडकून काढला, पोरीला गोलात नेऊन उभं केलं, आणि गोलकीपरचं निम्मं काम स्वतःच करत बसली. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. रेनेच्या घरात आईचीच बोरं इतकी विकली जात होती, की पोरीने टोपली उघडलीच नव्हती.

"अजून एकदा ये," रेने शेवटी म्हणाली. "मी चकार शब्द काढणार नाही."

डगला हसू आवरलं नाही. "तू? अगं, तू झोपेतसुद्धा गिऱ्हाईकं घेतेस."

पुढच्या सामन्याला रेने आली ती समुद्रकाठच्या ओशन सिटीची टॅफी, म्हणजे साखरेच्या पाकाच्या मऊ गोळ्या, पिशवीभर घेऊन. ती टॅफी इतकी चिकट, की दात चिकटले म्हणजे चिकटले. सामना सुरू व्हायच्या आधी तिने दोन तुकडे एकदम तोंडात कोंबले. संघाला शिकवणाऱ्या ग्रेव्हजबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "रेनेबाई, पंचवीस वर्षं मी आयांना गप्प करायचा प्रयत्न करतेय. हे औषध आधी का नाही सांगितलंत?" रेनेने नुसतीच मान हलवली. बोलणार कशी?

पहिला अर्धा भाग भयाण शांततेत गेला. मुली सवयीने रेषेकडे बघायच्या, तिकडून काहीच यायचं नाही. गोलामागून गोल झाले. रेनेने मुठी आवळल्या, तिसरा तुकडा कोंबला. आणि मग गोलातून आवाज आला, "डावीकडे!" पातळ होता, पण आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. केलीने तो ऐकला, डावीकडे गेली, आणि चेंडू चक्क तिच्या काठीवर आदळला. केली इतकी चकित झाली, की चेंडू घेऊन पळायचंच विसरली.

तो सामनाही हरलेच. पण घरी जाताना ब्रिन ट्रकमध्ये न थांबता बोलत होती.

त्यानंतर दर आठवड्याला टॅफी संपत गेली आणि आवाज वाढत गेला. फुटक्या बचावाला मागून डोळे फुटले. जूनमध्ये क्लबांच्या दुसऱ्या संघांची स्पर्धा भरली, तेव्हा टर्टल क्रीकवाले अंतिम सामन्यात जाऊन बसले. कसे, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. समोर आयर्नगेटचा सोनेरी संघ. आणि सोनेरीच्या दोन मुली आजारी पडल्यामुळे क्लबने काळ्या संघातून पेज हॅलोरनला खाली उतरवलेलं.

"खालच्या संघात खेळवावं लागतंय," कोर्टनी खुर्ची उघडत कुरकुरली. मग रेनेकडे बघून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं. पेज जरा जोरात मारते."

रेनेने तिला टॅफीची पिशवी पुढे केली.

पेज खरंच जोरात मारायची. ऊन असं दमट की शर्ट अंगाला चिकटलेले, आणि पोरींचा जीव मेटाकुटीला आलेला. आयर्नगेट पुढे जायचं, टर्टल क्रीक गाठायचं. एकीकडे ब्रिनचा आवाज अखंड चालू होता, घसा बसला तरी थांबत नव्हता. शेवटाला टर्टल क्रीक एका गोलाने पुढे, आणि चेंडू पेजकडे. ती गोलामागे गेली. हंगामाच्या सुरुवातीला याच जागेवरून या संघाचं वाटोळं व्हायचं.

रेनेला सगळं दिसत होतं. तिने जबडा उघडायचा प्रयत्न केला, पण टॅफीने दात धरून ठेवले होते. देवाचीच कृपा.

"मागे!" ब्रिन गरजली. "थांब केली, थांब... उजवीकडून येतेय! आता जा!"

केलीने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. पेज तिला दिसतच नव्हती. तरी ती आंधळ्या विश्वासाने उजवीकडे झेपावली, आणि वळसा घालून आलेली पेज थेट तिच्यासमोर येऊन ठाकली. वाट बंद. पेजने अडचणीतूनच काठी फिरवली, चेंडू सणसणत खाली गेला, ब्रिनच्या नडगीवर आदळला, उसळला, आणि ब्रिनने तो हवेतच जाळीत टिपला.

शिट्टी झाली.

टर्टल क्रीकच्या पोरींनी गोलाकडे धाव घेतली. ग्रेव्हजबाईंची टोपी उडाली. डग कोणा अनोळखी माणसाला मिठी मारून नाचत होता. त्याला त्या क्षणी जगातलं कुठलंच जाकीट आठवत नव्हतं. कोर्टनीनेही टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. फक्त रेने स्टॅसिक, जिच्या आवाजाला सारं एसेक्स भ्यायचं, ती गप्प उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड घट्ट मिटलेलं.

पोरींच्या ढिगाऱ्यातून ब्रिनने डोकं वर काढलं. शिरस्त्राण भिरकावलं, रेषेकडे पाहिलं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात, थेट आईच्याच आवाजात, ओरडली:

"आई! थुंक ती टॅफी! आता ओरड!"

रेनेने टॅफी थुंकली आणि इतक्या आठवड्यांचं साठवलेलं सगळं बाहेर सोडलं. पलीकडच्या मैदानावर चालू असलेला सामना थांबला, म्हणतात.