नानांची गव्हाची बियर

देवपूरचे नाना बियरचा ग्लास हातात देत आणि आधी तो नाकाखाली धरायला लावत. पिणं नंतर. "चांगली शे, असं नको सांगू. कसाना वास येस, ते सांग." नाना मूळचे केळीच्या बागांच्या चोपड्याचे, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, आणि माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात. नाना मागच्या खोलीत बियर लावत.

मलाही त्यांनीच शिकवलं. एल जातीच्या बियरचं यीस्ट थोडाफार उकाडा सोसतं. लागर जातीला आठवडेच्या आठवडे गारवा हवा, म्हणून तिच्यासाठी एक जुना फ्रीज राखून ठेवलेला. स्टाउट या काळ्या बियरचा रंग भाजलेल्या जवाचा, वास करपलेल्या भाकरीचा. पण नानांचा जीव गव्हाच्या बियरवर. तिच्यात केळं घालत नाहीत, तरी यीस्टमुळे पिकल्या केळ्याचा वास येतो. "हाई आमना चोपडानं यीस्ट शे," असं ते अगदी गंभीरपणे सांगत.

मग एका तापात नानांचं नाक गेलं. वास नाही, चव नाही. महिने उलटले तरी परतलं नाही. तशातही त्यांनी गव्हाची बियर लावली, कारण प्रयोगशाळेतले जुने सहकारी येणार होते, नानांच्या या उद्योगाची आजवर टिंगल करत आलेले. आदल्या दिवशी नानांनी ग्लास माझ्यापुढे धरला. "आते तुन्हं नाक तेच मन्हं नाक. देऊ का त्यास्ले?"

व्हिनेगरचा वास येत होता. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.

"केळ्याचा येतोय, नाना. मस्त झालीये," मी म्हणालो.

पाहुण्यांनी पहिल्या घोटालाच ग्लास खाली ठेवले. एकजण हसला. बाकीचे हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं. ते गेल्यावर नानांनी उरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या. आठवड्याभरात बियरची भांडी भंगारात गेली.

नाना त्यानंतर वर्षभर होते. बोलणं तुटलं नाही. चहा, पेपर, नळाचं पाणी, सगळं चालू राहिलं. बियरचा विषय तेवढा निघाला नाही. ते गेले तेव्हा मी खांदा दिला. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. आधी लाज वाटायची, आता तीही वाटत नाही.

फक्त त्या दिवशी मोरीत बादलीभर पाणी ओतताना ते जे बोलले, ते ऐकू येतं. आवाज चढलेला नव्हता.

"माले नाक नव्हतं. तुले तं व्हतं ना?"