कळवून येणारे पाहुणे

कारखान्यातले कामगार विमा कंपनीच्या पाहणी अधिकाऱ्यांना ‘पाहुणे’ म्हणत. ते न कळवता कधी आलेच नाहीत. आदल्या दिवशी मालकांना फोन जाई, “उद्या येतोय हं.” हा सभ्यपणा होता की सोय, हे पाहुण्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी फरशी लख्ख असे, आणि यंत्रांच्या भागांवरचे तेल रसायनाच्या ज्या टाकीत धूत, तिच्यावरचा वाफा ओढून घेणारा एक्झॉस्ट पंखा घरघरत असे. कामगारांचे हातमोजे इतके कोरे, की त्यांच्या घड्याही मोडलेल्या नसत. पाहुण्यांना ते दिसे. ते ‘समाधानकारक’ असा शेरा मारून निघत.

पुढे टाकीतल्या रसायनावर सरकारी निर्बंध आले आणि त्याच सुमारास टाकीवर काम करणाऱ्या बाईंची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांनी भरपाई मागितली. मालक केव्हाच बुडाले होते. देणार ती विमा कंपनीच. पण कंपनीने हात झटकले: पंखा एरवी बंद असतो हे मालकांनी लपवले, म्हणून विमा रद्द. मात्र कंपनीच्या माणसालाच ते ठाऊक होते असे ठरले, तर तिची सुटका नव्हती.

“तुम्हाला फसवलं, एवढंच म्हणा,” कंपनीचे वकील पाहुण्यांना म्हणाले.

घरी बायकोनेही तेच सुनावले. “इतकी वर्षं मूग गिळून बसलात, आणि निवृत्ती तोंडावर आल्यावर सत्याचा पुळका?”

सुनावणीत प्रश्न आला, “पंखा एरवी बंद असतो, हे माहीत होतं?”

“होतं.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. हातमोज्यांवरून कळायचं. म्हणून तर फोन करायचो. अचानक गेलो असतो, तर खरं लिहावं लागलं असतं.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. भरपाई मंजूर झाली.

बाहेर बाईंचा भाऊ म्हणाला, “ताई, साहेबांचे आभार मान.”

बाईंनी पाहुण्यांकडे नीट पाहिले. “तुम्ही यायचात त्या दिवशी माझं डोकं दुखायचं नाही. मी सगळ्यांना सांगायचे, साहेबांचा पायगुण चांगला.”

पाहुणे जिन्याकडे वळले. जिना अरुंद होता. पुढे बाई भावाचा हात धरून एकेक पायरी उतरत होत्या, आणि त्यांना ओलांडून पुढे जाण्याचे तोंड पाहुण्यांना उरले नव्हते.