माय थकनी

इंदूजिजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नुकताच डबा संपवला होता. फोनवर पुतणी मनीषा होती. तिचे शब्द कानावर पडले आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय यावी... ‘अगं, ही तर जिजीची निजायची वेळ, या वेळी तिला कुणी उठवायचं नसतं.’ खरोखरच ती त्याच वेळी, ओट्यावरच्या आपल्या खाटेवर, झोपेतच गेली होती. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. घरातलं कुणी तिला हाक मारायला गेलं नव्हतं, कारण तसा नियमच होता, आणि तो तिने आप्पांशी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांशी, भांडून मिळवला होता.

जिजी माझी थोरली जाऊ. लग्न होऊन सारंगखेड्याला आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करायचे. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “मी काय तहसीलदार शे का व?” आणि तेव्हापासून ती माझ्यासाठी ‘ती’ झाली. गावात कुणाकडेही हळद असली की पहिली ओळ जिजीची. विहिणीला चिमटे काढणारी गाणी ती अशी म्हणायची की विहीण चिडायच्या आधी हसून मोकळी. मनीषा पाळण्यात होती तेव्हापासून जिजीचं ठरलेलं होतं, की लेकीच्या हळदीला आपण असं गायचं की तापीच्या पलीकडे ऐकू गेलं पाहिजे.

आणि नेमका गळाच रुसला. आधी संध्याकाळी एक पापणी खाली यायला लागली. घोड्यांच्या जत्रेत आम्ही बांगड्या भरायला बसलो होतो, दिवसभर फिरून जिजी दमलेली. तिचा डावा डोळा हळूच मिटला आणि समोरचा बांगडीवाला, चांगला नातवंडांचा धनी माणूस, लाजून लाल झाला. न मागता भाव कमी केला! जिजी पदराआड हसत मला म्हणाली, “मन्हा डोयाच मन्हं ऐकस नही, मी काय करू?” पुढे कळण्याची भाकरी चावताना जबडा दुखून यायचा, हनुवटीला हाताचा टेकू देऊन ती जेवायची. मग एका हळदीत, तिसऱ्या गाण्याला, तिचा आवाज नाकात गेला आणि शब्द घसरले. मागच्या बायकांत कुजबुज झाली, “हाई काय पिसन उनी का?” पिऊन आल्याचा तो संशय जिजीने ऐकला. त्या दिवसापासून तिने हळदीला जाणं सोडलं. तिचं असं गप्प होणं मला अजिबात सहन व्हायचं नाही.

डॉक्टर पुष्कळ झाले. एकाने चष्मा दिला, एकाने दाढ काढली, एकाने ताकदीच्या बाटल्या चढवल्या, एकाने मन रमवा म्हणून सांगितलं. आप्पांच्या मावशीने दृष्ट काढली, तीही मोठ्या थाटात. यात कुणाची चूक म्हणावी? आम्ही पहाटे उठून पहिल्या गाडीने निघायचो, जिजी रस्ताभर झोप काढायची आणि डॉक्टरांसमोर टवटवीत बसायची. डोळे उघडे, आवाज खणखणीत. आजार घरी संध्याकाळची वाट बघत बसलेला, आणि आम्ही निरोगी बाई दाखवून परत!

मनीषाचं लग्न ठरलं आणि जिजी पहिल्यांदा रडली. म्हणाली, लेकीच्या हळदीला मी मुकीच बसणार. तेव्हा आम्ही सुरतेच्या मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे निघालो. देवाची करणी म्हणा, नवापूरच्या पुढे गाडी बंद पडली. उन्हात ताटकळत, धक्के खात पोचलो तेव्हा दिवस मावळत आलेला आणि जिजीच्या दोन्ही पापण्या उतरलेल्या. मी डॉक्टरांची माफी मागत होते, ते मात्र खुर्ची पुढे ओढून तिच्याकडे बघतच राहिले. “गिनती बोलो, बेन, थांबायचं नाही.” जिजी म्हणाली, “आकडा कसाले? गानं म्हनू का?” आणि तिने त्या दवाखान्यात विहिणीचं गाणं सुरू केलं! पहिलं कडवं ठणठणीत, दुसरं नाकात, तिसऱ्यात शब्द विरले. नर्स खुदुखुदू हसत होत्या, डॉक्टर मान डोलवत होते. मग त्यांनी तिच्या पापणीवर बर्फ धरायला लावला आणि थोड्या वेळाने पापणी आपोआप वर आली. रक्ताची आणि नसांची तपासणी पुढे झाली, पण त्यांना कळायचं ते कळलं होतं. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो तिथे आपल्याच शरीराचे रक्षक तो अडवतात, म्हणून काम करावं तसा स्नायू थकतो आणि विसावा मिळाला की पुन्हा उठतो, असं त्यांनी समजावलं. आजाराचं नाव सांगितलं, मायस्थेनिया.

जिजी ताडकन माझ्याकडे वळली. “आयकं का शैला? माय थकनी! इतला दिनपासून मी हाईच सांगस ना!” आमच्या अहिराणीत त्याचा अर्थ सरळ आहे, आई थकली. मी डॉक्टरांना ते सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. म्हणाले, नाव ठेवणाऱ्यापेक्षा बेनलाच जास्त कळतं.

गोळ्यांनी जिजी सावरली, पण पूर्ण दिवस तिला कधीच परत मिळाला नाही. तिने मात्र दिवसच आपल्या सोयीचा करून घेतला. दुपारी खाटेवर पडायचं म्हणजे पडायचं. आप्पा कुरकुरले तर एकच उत्तर, “माय थकनी.” त्यांना चहा करायला शिकावं लागलं, आणि खरं सांगते, ते आमच्यापेक्षा चांगला करायला लागले. मनीषाच्या हळदीला तिने गळ्यासाठी हट्टच धरला, “हयद सकायले लावा. मन्हा गया सकायले जागा ऱ्हास, सांजले झोपी जास.” गावात कधी न झालेली सकाळची हळद झाली. मांडवात तिची खाट मांडली. ती पहिली ओळ म्हणायची आणि हात वर करायची, की पुढच्या दोन ओळी आम्ही उचलायच्या, तेवढ्यात ती घोटभर पाणी प्यायची, आणि चौथ्या ओळीला परत यायची. त्या दिवशी ती गायली... काय गायली! पलीकडे ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही, नवरीची सासू मात्र हसून हसून खाली बसली. पुढे गल्लीतल्या सगळ्याच हळदी सकाळी व्हायला लागल्या. माझा आनंद अजून त्या मांडवातच आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलीची हळद होती. सकाळीच. कुणीतरी सवयीने जिजीची खाट मांडवात आणून ठेवलेली. पहिली ओळ एकटीने घ्यायला कुणी धजेना, म्हणून सगळ्या मिळून म्हणालो. दुसरी, तिसरी झाली आणि चौथीला सगळ्याजणी एकदम थांबलो. ती जागा जिजीची. मनीषाने माझा हात घट्ट धरला. मागून आप्पा चहाची किटली घेऊन येत होते. त्यांनी खाटेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

“म्हना व, म्हना,” ते म्हणाले, “माय थकनी.”

हसू आणि रडू एकदमच फुटलं, आणि चौथी ओळ आम्ही सगळ्यांनी म्हटली.